वार्षिक कार्ययोजना व अंदाजपत्रक २०२५-२६, तालुका स्तर : प्रकल्प नोंदी

व्याप्ती : मराठवाड्याच्या ऊसतोड पट्ट्यातील एक तालुका, जिल्हा परिषद शाळा, पहिली ते आठवी. समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या केंद्र-राज्य योजनेची कार्ययोजना, जिल्हा वार्षिक योजनेतील शाळादुरुस्ती आणि दोन्हींचे संनियंत्रण एकाच वहीत ठेवले आहे. निकष आणि शासकीय दर जसे आहेत तसे घेतले आहेत. शाळेचा पट, वीजबिल वगैरे आकडे हिशोब उलगडून दाखवण्यापुरते धरलेले आहेत.

९ सप्टेंबर २०२४

सुरुवात शाळा विकास आराखड्यापासून. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ प्रमाणे तो शाळा व्यवस्थापन समितीने करायचा. तीन वर्षांचा, त्यात दर वर्षाचा उपआराखडा. समितीत तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला, सचिव मुख्याध्यापक. आधीचे आराखडे चाळले तर बहुतेकांत एकच रकाना मन लावून भरलेला दिसतो, तो म्हणजे मागणीचा. खोली हवी, संगणक हवा, संरक्षक भिंत हवी. अशा यादीवर अंदाजपत्रक उभे केले की आकडा फुगतो, वर गेल्यावर कापला जातो आणि कापताना नेमके कोणत्या मुलांचे काय गेले हे कुणाला सांगता येत नाही.

नवा नमुना दोन पानांचा केला. प्रत्येक ओळीत चार गोष्टी लिहायच्याच : काय कमी आहे, ते कशावरून, किती पैसे व कोणत्या लेखाशीर्षातून (निधीच्या खात्यातून), आणि पैसे खर्च झाल्यावर शाळेत येणाऱ्या तिऱ्हाइताला डोळ्यांनी काय दिसले पाहिजे. चौथा रकाना कोरा राहिला तर ती ओळ तालुक्याच्या तक्त्यात जाणार नाही. संनियंत्रणाची सोय अंदाजपत्रकाच्या त्याच ओळीत बसवायची, नंतर वेगळा तक्ता करायचा नाही, हा या वर्षीच्या कामाचा पाया आहे.

‘मुलींसाठी शौचालय हवे’ या एका ओळीमागे काय काय असू शकते ते केंद्रप्रमुखांच्या, म्हणजे शाळांच्या एकेका गटावर देखरेख करणाऱ्यांच्या, बैठकीत मांडले. शौचालयच नाही, हे एक. शौचालय आहे पण वरच्या टाकीपासूनचा पाइप तुटला आहे, हे दुसरे. पाणी आहे पण दाराला आतून कडी नाही, म्हणून पाचवीच्या पुढच्या मुली जात नाहीत, हे तिसरे. पहिल्याला बांधकामाचा प्रस्ताव लागतो. दुसरे आणि तिसरे शाळा अनुदानातून आठवड्याभरात होते. तिन्हींना एकच ओळ दिली की तिन्ही शाळा बांधकामाच्या रांगेत उभ्या राहतात.

आराखडे दसऱ्याआधी, १० ऑक्टोबरपर्यंत मागवले. विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता कधीही लागेल, आणि एकदा शिक्षक निवडणूक कामाला गेले की कागद हलत नाही.

३० सप्टेंबर २०२४

यूडायस प्लसची, म्हणजे शाळांच्या देशव्यापी माहिती-नोंदणीची, संदर्भ तारीख. अंदाजपत्रकातली जवळजवळ प्रत्येक रक्कम या दिवसाच्या पटाशी बांधलेली असते. शाळा अनुदान, गणवेश, पाठ्यपुस्तके, संचमान्यता (पटावरून शिक्षकांची पदे मंजूर करणे), सगळे इथूनच निघते. पट चुकला तर पुढचा गुणाकार कितीही बिनचूक असो, ताळा बसणार नाही.

पडताळणी तीन कागदांवर : हजेरीपट, पोषण आहाराची दैनिक नोंद आणि यूडायसमधली विद्यार्थीनिहाय यादी. तिन्हींत थोडा फरक असणारच, कारण पोषण आहाराची नोंद उपस्थितीची असते, पटाची नव्हे. संशय घ्यायचा तो फरकाच्या ठेवणीवर. ज्या शाळेत रोज तितकीच मुले जेवतात, पावसात, बाजारच्या दिवशी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीही, तिथे नोंद बसून केलेली असते. ऑक्टोबर २०११ च्या राज्यव्यापी पटपडताळणीनंतर खोट्या पटाची भीती सगळ्यांना आहे. आता अडचण वेगळी आहे : दाखला न काढता दुसऱ्या शाळेत गेलेले मूल जुन्या यादीत राहते आणि नव्या शाळेत त्याची नोंद घेता येत नाही. जुन्या शाळेने त्याला यादीतून सोडले की प्रश्न मिटतो. पण जुन्या शाळेचा पट तेवढ्याने कमी होत असेल तर ती सोडायला उशीर करते. अशी नावे केंद्रनिहाय काढून दोन्ही मुख्याध्यापकांना समोरासमोर बसवायचे ठरले.

उशीर का होतो ते शाळा अनुदानाच्या टप्प्यांवरून कळते. पट १ ते ३० असेल तर १०,००० रुपये, ३१ ते १०० ला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००, २५१ ते १,००० ला ७५,००० आणि त्यापुढे १,००,०००. पट तीस असताना दरडोई ३३३ रुपये पडतात, एकतिसावे आले की ८०६, आणि शंभर मुलांच्या शाळेत २५०. एका नावाने वर्षाला १५,००० रुपयांचा फरक. वाडी-तांड्यांवरच्या शाळा याच उंबरठ्यावर उभ्या असतात. म्हणून २७ ते ३४ आणि ९५ ते १०५ पटाच्या शाळांची पडताळणी सगळ्यात आधी आणि प्रत्यक्ष जाऊन. बाकीच्या नमुन्याने पाहिल्या तरी चालेल.

१४ ऑक्टोबर २०२४

याच पटाची दुसरी बाजू. ३० सप्टेंबरला ऊसतोड कामगारांची मुले गावात असतात. दसरा उरकला की टोळ्यांना उचल (आगाऊ रक्कम) मिळते, दिवाळीच्या आसपास गाड्या निघतात आणि नोव्हेंबरात गाळप सुरू होते. म्हणजे ज्या तारखेच्या पटावर वर्षाचे पैसे ठरतात, त्या तारखेनंतर सहा आठवड्यांत या तालुक्यातल्या कित्येक वर्गांचे चित्र पालटते. हंगामी वसतिगृहाची तरतूद याच मुलांसाठी आहे. मूल गावातच आजी-आजोबांजवळ राहावे आणि शाळा सुटू नये. पण तिचे गणित सप्टेंबरातच व्हावे लागते. डिसेंबरात यादी मंजूर झाली तर मूल केव्हाच उसाच्या फडात पोचलेले असते, वरातीमागून घोडे.

म्हणून वसतिगृहाच्या ओळीचे भौतिक उद्दिष्ट ‘लाभार्थी संख्या’ असे लिहिले नाही. लिहिले : ‘१५ ऑक्टोबरला पालकाच्या संमतीसह यादीत असलेली आणि १५ जानेवारीला वर्गात बसलेली मुले’. दोन तारखा, दोन आकडे. पहिला मोठा आणि दुसरा लहान असेल तर वसतिगृह कागदावर भरले आणि मुले गेली. खर्च दोन्ही बाबतींत सारखाच दिसतो.

२५ नोव्हेंबर २०२४

निवडणूक आटोपली. दराचे काम.

तक्त्यातल्या रकमा लाखांत लिहायच्या असतात, आणि इथे दशांश चिन्हाचा घोळ दरवर्षी ठरलेला. गणवेशाचे ६०० रुपये म्हणजे ०.००६ लाख. पानावर दोनच दशांश दिसत असतील तर ते ०.०१ दिसते. पाहणारा तोच आकडा हाताने दुसऱ्या तक्त्यात उतरवतो आणि एका मुलामागे १,००० रुपये होतात. प्राथमिकच्या पाठ्यपुस्तकांचे २५० रुपये तर ०.०० दिसतात. सर्व दर पाच दशांश स्थळांपर्यंत ठेवले आणि एका वेगळ्या पानावर नेले. बाकीची पाने तिथूनच सूत्राने दर ओढतात. दर बदलला तर एकाच ठिकाणी बदलायचा.

लहान शाळेचे १०,००० रुपये कसे संपतात ते एका नमुना शाळेवर मांडले. पट २८. निकषानुसार किमान दहा टक्के स्वच्छतेवर, म्हणजे १,०००. शाळेचे दहा महिने धरले तर महिन्याला १०० रुपये, त्यात साबण, फिनाईल, झाडू. वीजबिल सरासरी महिना ५०० धरले तर वर्षाचे ६,०००. उरले ३,०००. त्यात खडू, नोंदवह्या, झेरॉक्स, एखादा नळ, दाराचे बिजागर आणि वर्षभराचे इंटरनेट. शैक्षणिक साहित्याला इथे जागाच नाही. अशा शाळेच्या आराखड्यात ‘अनुदानातून शैक्षणिक साहित्य खरेदी’ अशी ओळ आली तर ती खोटी आहे असे समजून परत पाठवायची. वीजबिल थकले असेल किंवा साहित्य येणार नसेल, दोहोंपैकी एक नक्की. साहित्याचा स्रोत वेगळा दाखवावा लागेल : ग्रंथालय अनुदान, क्रीडा अनुदान, ग्रामपंचायतीचा निधी किंवा लोकवर्गणी.

रॅम्पचा दर तपासला. जोते ४५ सेंटिमीटर उंच असेल तर १:१२ च्या उताराने ५.४ मीटर लांबी लागते. वर दारासमोर चाकाची खुर्ची वळवायला दीड मीटर सपाट जागा, रुंदी किमान १.२ मीटर, दोन्ही बाजूंना कठडा. जागा कमी म्हणून दोन मीटरांत बसवलेले रॅम्प सर्रास दिसतात. तो चढ १:४.४ होतो, म्हणजे मूल स्वतः खुर्ची ढकलत वर जाणे अशक्य आणि उतरताना धोका. यूडायसमध्ये मात्र दोन्हींपुढे ‘रॅम्प आहे’. जागा नसेल तर मध्ये टप्पा देऊन रॅम्प वळवायचा, आणि दर ‘प्रति रॅम्प’ असा न धरता जोत्याच्या उंचीवर धरायचा. चौथ्या रकान्यात : ‘लांबी भागिले उंची १२ किंवा जास्त’. केंद्रप्रमुखाकडे मोजपट्टी हवी, एवढेच.

मोठ्या दुरुस्त्या जिल्हा वार्षिक योजनेतून. कनिष्ठ अभियंत्याचे अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता हा क्रम. धोकादायक खोली असेल तर आधी निर्लेखनाचा (खोली नोंदीतून काढून पाडण्याचा) प्रस्ताव. तो मंजूर झाल्याशिवाय त्या जागेवर नव्या खोलीचा कागद पुढे सरकत नाही. दोन निधींचा फरक वेळापत्रकात धरला : जिल्हा परिषदेला जिल्हा वार्षिक योजनेचा निधी खर्चायला दोन वर्षे मिळतात, समग्र शिक्षाची खर्चमर्यादा ३१ मार्चला संपते. म्हणून छताचे पत्रे बदलणे, स्लॅबची गळती अशी उन्हाळ्यातच होणारी कामे पहिल्यात. मुलांच्या हातात जाणाऱ्या वस्तू दुसऱ्यात.

४ डिसेंबर २०२४

आज परख राष्ट्रीय सर्वेक्षण, म्हणजे मुलांना किती येते याची देशभरची पाहणी, इयत्ता तिसरी, सहावी आणि नववी. निवडलेल्या शाळांतच होते. निकाल जिल्ह्याचे चित्र सांगेल. त्यातून तालुक्याचा किंवा शाळेचा आकडा काढायचा नाही. नमुना त्यासाठी घेतलेलाच नाही. कार्ययोजनेत ‘सर्वेक्षणात तालुक्याची दहा टक्के वाढ’ असे उद्दिष्ट लिहिले तर ते मोजताच येणार नाही. आपली मोजणी आपणच करावी लागेल.

पोषण आहाराचा प्रति विद्यार्थी रोजचा खर्च १ डिसेंबरपासून बदलला : प्राथमिक ५.४५ वरून ६.१९ रुपये, उच्च प्राथमिक ८.१७ वरून ९.२९. योजना वेगळी, कार्ययोजनाही वेगळी, त्यामुळे आपल्या बेरजेत ती नाही. वर्षाच्या मध्येच दर बदलतात याचा हा ताजा दाखला.

३० डिसेंबर २०२४

डिसेंबरच्या शासन निर्णयाने २०२५-२६ पासून गणवेशाची खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे. दोन जोड, ६०० रुपये, म्हणजे जोडाला ३०० कापड-शिलाईसह. पहिलीच्या मुलाला पुरतात, आठवीच्या मुलाला ओढाताण होते. समितीने सरासरी काढूनच शिंप्याशी बोलावे. लाभार्थी दोन लेखाशीर्षांत विभागलेले : सर्व मुली, अनुसूचित जाती-जमातीची व दारिद्र्यरेषेखालील मुले समग्र शिक्षातून, उरलेली मुले राज्याच्या योजनेतून. एकाच मुलाचे नाव दोन्ही याद्यांत येण्याची शक्यता इथे सर्वाधिक, म्हणून याद्या वर्गनिहाय न करता आधी एक सलग यादी आणि तिच्यापुढे लेखाशीर्षाचा रकाना.

मापे मार्चमध्ये. पहिलीत येणाऱ्यांची मापे एप्रिलच्या शाळापूर्व तयारी मेळाव्यात. त्या दिवशी आई-वडील आणि मूल तिघेही शाळेत असतात.

२० जानेवारी २०२५

मूल्यमापनाचा आराखडा. इथे सगळ्यात जास्त वेळ द्यायचा ठरले होते आणि तो द्यावाच लागला.

प्रत्येक ओळीसाठी चार पायऱ्या लिहिल्या : पैसे पोचले, वस्तू किंवा माणूस पोचला, वापर झाला, मुलाला आले. पहिल्या दोन पायऱ्यांची माहिती कार्यालयात बसून मिळते. तिसरीला शाळेत जावे लागते आणि चौथीला मुलाजवळ बसावे लागते. आतापर्यंतचे मासिक अहवाल पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबतात. प्रशिक्षणाचेच घ्या : खर्च शंभर टक्के, उपस्थिती शंभर टक्के, आणि वर्गात काय बदलले याची एक ओळ नाही.

चौथ्या पायरीसाठी तिसरीच्या मुलांचे वाचन मोजायचे ठरले. निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या राष्ट्रीय मोहिमेच्या उद्दिष्टांत दुसरीअखेर मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीअखेर किमान ६० शब्द, समजून, असे आहे.

नमुना किती घ्यायचा यावर बराच खल झाला. २५ शाळा, प्रत्येकी १० मुले, एकूण २५० हा पहिला प्रस्ताव. मुले तालुकाभरातून सुटी सुटी निवडली असती तर २५० मुलांवर चूक साधारण अधिक-उणे ६ टक्के. पण एका वर्गातली मुले एकमेकांसारखी असतात. शिक्षक एक, वस्ती एक. हे साम्य ०.२ धरले तर दहा मुलांच्या गटामुळे प्रचरण, म्हणजे चुकीचा वर्ग, २.८ पट होते आणि चूक १० टक्क्यांच्या वर जाते. तीच २५० मुले ५० शाळांतून पाच-पाच घेतली तर पट १.८ आणि चूक सुमारे ८ टक्के. प्रवास वाढतो, पण निष्कर्ष खूपच भरवशाचा होतो. ५० शाळा ठरल्या. आणि आत्ताच लिहून ठेवले : पुढच्या वर्षी चार-पाच टक्क्यांची वाढ दिसली तर ती वाढ म्हणून जाहीर करायची नाही, आणि तेवढी घट दिसली तर कुणाला नोटीसही द्यायची नाही.

निवड : सर्व शाळांची यादी केंद्रानुसार आणि केंद्रात पटानुसार लावायची. १५० शाळा असतील तर दर तिसरी. सुरुवात एक, दोन की तीन हे चिठ्ठी टाकून. तिसरीत पाचपेक्षा कमी मुले असतील तर सगळीच घ्यायची. प्रत्येक शाळेतून पाच घेतल्याने लहान शाळेतल्या मुलाचे वजन वाढते, म्हणून शाळेचा निकाल तिसरीच्या पटाने गुणून मगच तालुक्याची सरासरी. शाळानिहाय टक्केवारी छापायची नाही. चार मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे २५ टक्के. अशा आकड्यांवर शाळांचे क्रम लावणे अन्यायाचे आहे.

तुलना फेब्रुवारीची फेब्रुवारीशीच. जूनमध्ये मोजून फेब्रुवारीत पुन्हा मोजले तर वाढ दिसणारच, काही खर्च न करताही. मूल आठ महिने मोठे झालेले असते. साहित्यपेट्या सगळ्या केंद्रांना एकदम पुरणार नाहीत, तेव्हा कोणत्या केंद्रांना आधी हे चिठ्ठीने ठरवायचे. वाटप तसेही टप्प्याटप्प्यानेच व्हायचे होते. चिठ्ठीमुळे आधी मिळालेली आणि नंतर मिळणारी केंद्रे यांची तुलना करता येते. त्यासाठी एक रुपयाही जास्त लागत नाही.

१७ फेब्रुवारी २०२५

वाचन चाचणीची पहिली फेरी. पद्धत : पाठ्यपुस्तकाबाहेरचा ६० ते ७० शब्दांचा उतारा, ठळक टाइप, मोबाइलवर ६० सेकंद. साठावा सेकंद झाला की शेवटच्या शब्दावर खूण, पण मुलाला उतारा पुरा करू द्यायचा. मध्येच थांबवले की पुढचे मूल घाबरते. बरोबर शब्द म्हणजे एकूण वाचलेले वजा चुकलेले. मग उताऱ्यावर पाच प्रश्न, तोंडी.

चूक कशाला म्हणायचे यावर चाचणी घेणाऱ्यांत एकवाक्यता आणावी लागते. ‘पाणी’ला ‘पानी’, ‘शाळा’ला ‘साळा’ ही चूक नाही. ते घरचे बोलणे आहे आणि मुलाने शब्द ओळखलेला आहे. ‘पाणी’ला ‘पान’ ही चूक. तांड्यावरच्या मुलांची घरची बोली गोरमाटी, म्हणजे बंजारा समाजाची भाषा. त्यांनी उत्तर गोरमाटीत दिले तरी समज म्हणून बरोबर, फक्त ते कळणारे माणूस सोबत हवे. हे नियम आधी न सांगता फेरी घेतली तर दोन तपासनीस एकाच मुलाला १० शब्दांच्या फरकाने मोजतात. म्हणून आधी दोघांनी मिळून तेच मूल ऐकायचे, वेगवेगळे लिहायचे, मग पाने शेजारी ठेवायची. फरक तीन शब्दांच्या आत आला की सुटे पाठवायचे.

मुले हजेरीपटावरून निवडायची, वर्गात बसलेल्यांतून नव्हे. शिक्षक आपुलकीने हुशार मुले पुढे करतात, तो एक भाग. मोठा भाग ऊसतोडीचा : फेब्रुवारीत निम्मी फडात गेलेली असतील तर समोर बसलेल्यांचे वाचन चांगलेच येईल. निवडलेले मूल हजर नसेल तर त्याच्या जागी दुसरे घ्यायचे नाही. ‘न भेटलेले’ असा शेरा आणि कारण : आजारी, वसतिगृहातून घरी, स्थलांतरित. वाचनाच्या सरासरीशेजारी न भेटलेल्यांचा आकडा छापायचाच. तो नसेल तर सरासरीला या तालुक्यात काही अर्थ नाही.

उतारे तीन. एकच ठेवला तर दुपारपर्यंत मोबाइलवरून केंद्रभर जातो.

३१ मार्च २०२५

वर्षअखेर. एकल नोडल खात्याच्या पद्धतीत पैसे शाळेच्या खात्यात येऊन पडत नाहीत. शाळेच्या शून्य शिलकी खात्याला खर्चाची मर्यादा मिळते आणि प्रदान झाले की पैसे राज्याच्या खात्यातून जातात. आज मध्यरात्री उरलेली मर्यादा संपेल.

मर्यादा हाती आल्यापासूनचा रस्ता मोजला : समितीचा ठराव, तीन दरपत्रके, पुरवठा आदेश, माल, साठा नोंद, बिल, पीएफएमएसवर (सरकारी पैसे चुकते करण्याच्या ऑनलाइन प्रणालीवर) विक्रेत्याची नोंद, एका लॉगिनने देयक तयार करणे, दुसऱ्याने मंजूर करणे. सगळे सुरळीत चालले तरी चार-पाच आठवडे. म्हणजे फेब्रुवारी सरता सरता आलेल्या मर्यादेत शाळा गरजेचे घेऊच शकत नाही. दुकानात जे तयार आहे तेच घेते. मार्चमधली एकसारखी बिले दिसली की शाळेला दोष देण्याआधी मर्यादेची तारीख पाहायची.

देयके अडकण्याची कारणे जवळपास ठरलेली : विक्रेत्याचे नाव बिलावर एक आणि बँकेत एक, बँक विलीन झाल्याने जुना आयएफएससी, समितीची दोन वर्षांची मुदत संपून अध्यक्ष बदलले आणि बँकेत सही जुन्यांची. चौथे सगळ्यात चिवट : मुख्याध्यापकाची बदली झाली आणि ओटीपी अजून त्यांच्याच मोबाइलवर जातो. वर्षअखेर ताळमेळ करताना रोखवही, पीएफएमएसचा अहवाल आणि प्रमाणके एकत्र घेऊन बसायचे. रोखवहीत खर्ची पडलेले पण प्रदान नाकारले गेलेले देयक उपयोगिता प्रमाणपत्रात गेले तर लेखापरीक्षणात नक्की निघते.

२६ मे २०२५

केंद्राच्या प्रकल्प मान्यता मंडळाच्या मंजुरीनंतरच्या तरतुदी हाती आल्या. काही ओळी कमी, काही नाहीत. पहिला हक्क मागच्या वर्षीच्या अपूर्ण बांधकामांचा, हे वाटपाआधीच लक्षात घ्यायचे.

कपात कशी करायची हे जानेवारीतच लिहून ठेवल्याचा उपयोग झाला. क्रम असा : ज्यावाचून मुलाच्या जिवाला धोका आहे ते, कायद्याने मिळायलाच हवे ते, वाचन-गणिताला थेट लागणारे, मग बाकीचे. सगळ्या ओळी सरसकट दहा टक्क्यांनी कापणे सोपे असते, पण दहा टक्के कमी रॅम्प म्हणजे वर न पोचणारा रॅम्प. ओळ ठेवायची तर पुरी ठेवायची, नाहीतर संख्या कमी करायची.

३१ मेला निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापकांची यादी काढली. जुन्या नोंदींत १ जून जन्मतारीख पुष्कळांची, त्यामुळे या एका दिवशी अनेक शाळांचे लॉगिन, सही आणि साठा नोंदवही हस्तांतरित होते. पदभार देताना मोबाइल क्रमांक बदलल्याचा कागद सक्तीचा केला.

१६ जून २०२५

शाळा उघडल्या. पहिल्या दिवशी पाहायचे तेवढेच : पुस्तके, गणवेश, पाणी, शौचालयाची कडी.

११ ऑगस्ट २०२५

शाळाभेटीचा नमुना कापून एका पानावर आणला. लांबलचक नमुना घरी बसून भरला जातो आणि सगळीकडे ‘होय’ येते. आता प्रश्न असे की नुसत्या ‘होय’ने भागत नाही : रॅम्पची लांबी किती, आज हजर किती, नळाला आत्ता पाणी येते का आणि किती वाजता पाहिले.

गणित पेटीबाबतचा प्रश्न ‘पेटी आहे का’ असा नाही. ‘पेटीतून काय हरवले आहे’ असा आहे. दशकाचे दांडे अजून कंपनीच्या प्लॅस्टिकमध्ये, खेळातल्या नोटांच्या गड्डीला रबर तसेच, झाकणाच्या कडा कोऱ्या, म्हणजे पेटी कपाटातून निघालेली नाही. सुटे मणी कमी, नोटांचे कोपरे दुमडलेले, एकक-दशकाच्या तक्त्यावर बोटांचे डाग, म्हणजे वर्ग चालू आहे. पण शिक्षकाला हरवण्याची धास्ती असते, कारण पेटी जडसंग्रह (टिकाऊ वस्तूंच्या) नोंदवहीत चढलेली आणि कमी निघाले तर वसुली. म्हणून पेटीचा डबा जडसंग्रहात आणि आतले सुटे साहित्य उपभोग्य वस्तूंच्या नोंदवहीत, अशी विभागणी मागितली आहे. शिवाय पुढच्या अंदाजपत्रकात सुट्या साहित्याच्या भरपाईची छोटी ओळ. ती नसेल तर मुलांच्या हातात पेटी द्यायला कुणी धजावणार नाही, आणि पेटीवरचा सगळा खर्च कपाटात पडून राहील.

८ सप्टेंबर २०२५

दुसऱ्या तिमाहीचा आढावा. तक्त्यात खर्चाच्या टक्केवारीशेजारी चौथ्या रकान्याची टक्केवारी लावली. खर्च पुढे आणि काम मागे : आगाऊ दिलेले पैसे किंवा न पाहिलेला माल, आठवड्यात भेट. काम पुढे आणि खर्च मागे : शिक्षकाने किंवा दुकानदाराने पदरमोड केलेली; देयक शोधून काढायचे, कारण अशी शाळा पुढच्या वर्षी हात आखडते. दोन्ही मागे : मर्यादाच आलेली नाही, तालुक्याने वर पत्र द्यायचे.

२०२६-२७ च्या नमुन्यात तीन बदल. पटाच्या रकान्याशेजारी ‘१५ जानेवारीला अपेक्षित उपस्थिती’. दुरुस्तीच्या ओळीत निर्लेखन प्रस्तावाची तारीख. आणि प्रत्येक ओळीपुढे पडताळणी करणाऱ्याचे पद, जे खर्च करणाऱ्याच्या पदापेक्षा वेगळे असले पाहिजे. नमुना छपाईला दिला. केंद्रप्रमुखांच्या बैठकीत २२ तारखेला वाटप, आराखडे १५ ऑक्टोबरपर्यंत.